इंटरनेटची जोडणी : किती जाड, किती जलद, किती भरवशाची?

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर, नारायणगाव ओलांडून जाणाऱ्या प्रवाशाला आंबेगाव आणि जुन्नर हे तालुके शेतीचे म्हणूनच दिसतात. पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला कालव्याचे पाणी, आणि मध्ये ऊस, कांदा, द्राक्षे, टोमॅटो. परंतु दूरचे संदेश मिळवणे आणि वाहून नेणे या विद्येतही या भागाला मोठे स्थान आहे. नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी परदेशी दळणवळणासाठी देशातील पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. हिंदी महासागराच्या वर ठेवलेल्या इंटेलसॅट उपग्रहामार्फत तेथून परदेशाशी संपर्क साधला जाई. या केंद्राला विक्रम साराभाई यांचे नाव दिले गेले. पुढे त्याच परिसरात खोडदला गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीटर लांबीच्या रेडिओलहरी टिपणारी महाकाय दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभारली. ती ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्राला अर्पण झाली.

आर्वीला संदेश आकाशातून आणला जाई. खोडदला आकाशातून आलेला संदेश काचेच्या तंतूंतून नेला जातो. इंटरनेटची जोडणी निवडताना जे जे प्रश्न पडतात, त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे या दोन ठिकाणांच्या मधल्या काही किलोमीटरांत सापडतात.

हे प्रश्न आता पॅकहाऊस, आडत, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, शीतगृह आणि शाळा या सगळ्यांना पडू लागले आहेत. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचेच उदाहरण घ्या. कोणत्या बागेतला माल, त्यावर कोणत्या औषधांचे अंश सापडले, पॅकिंग कोठे झाले, ही सारी नोंद २००६ पासून अपेडाच्या ‘ग्रेपनेट’ या संगणकीय व्यवस्थेत करावी लागते. कागद पुरा झाल्याशिवाय कंटेनर बंदराकडे निघत नाही. येथे काही किलोबाइटांचे एक प्रमाणपत्र वेळेवर पोचले नाही तर काही टन माल उभा राहतो. अशा धंद्याला जोडणी विकणारा माणूस मात्र एकच आकडा सांगतो : शंभर एमबीपीएस, दोनशे एमबीपीएस. ट्रॅक्टर घेताना आपण नुसती अश्वशक्ती विचारून थांबत नाही. येथेही थांबू नये.

जाडी आणि वेळ

एमबीपीएस म्हणजे दर सेकंदाला दहा लाख बिट. बिट म्हणजे ० किंवा १ ही एक खूण, आणि आठ बिटांचा एक बाइट. फाइलींचे आकारमान बाइटांत सांगतात, जोडणीची क्षमता बिटांत. म्हणून शंभर एमबीपीएसच्या जोडणीतून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातात. विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो, आणि पुष्कळ गिऱ्हाइकांचाही होतो.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट जात. मोबाइलने काढलेले चार मेगाबाइटांचे एक छायाचित्र म्हणजे ३ कोटी २० लाख बिट. त्या वेगाने ते पाठवायला साधारण ५५ मिनिटे लागली असती. शंभर एमबीपीएसला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो.

या आकड्याला आपण ‘वेग’ म्हणतो खरे, पण ती पाईपची जाडी आहे. पाईप जाड असला तर मिनिटाला जास्त पाणी पडते. मोटर सुरू केल्यावर पहिला थेंब किती वेळाने पोचतो, हा वेगळा प्रश्न. आर्वीसारख्या केंद्राचा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला सुमारे ७१,६०० किलोमीटर होतात. प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर धरून, यालाच ०.२४ सेकंद लागतात. प्रश्न जाऊन उत्तर परत यायचे तर जवळजवळ अर्धा सेकंद. उपग्रहावरून होणाऱ्या जुन्या परदेशी संभाषणांत दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत, त्याचे कारण हेच होते. यंत्रे कितीही सुधारली तरी हा अर्धा सेकंद कमी होणार नाही, कारण तो अंतराचा आहे. कमी उंचीच्या, म्हणजे साधारण ५५० किलोमीटरवरच्या उपग्रहांनी तो कमी होतो. पण ते उपग्रह एका जागी स्थिर दिसत नाहीत, त्यामुळे त्यांचा मोठा ताफा सतत फिरता ठेवावा लागतो.

काचेत प्रकाश थोडा मंदावतो, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. तरीही खोडदहून ऐंशी किलोमीटरवरच्या पुण्याला पोचायला त्याला सेकंदाचा अडीच हजारावा हिस्सा पुरेसा आहे.

जाडी आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वर्गात पटवायचे असेल तर एसटीची मदत घ्यावी. समजा, कोणी चार टेराबाइटांची एक डिस्क पिशवीत घालून नारायणगावहून एसटीने पुण्याला निघाला आणि अडीच तासांत पोचला. ३२ लाख कोटी बिट ९,००० सेकंदांत गेले. भागाकार केला तर सेकंदाला साडेतीनशे कोटी बिट, म्हणजे साडेतीन गिगाबिट भरतात! क्षमतेच्या हिशेबात ही एसटी गावातल्या कोणत्याही साध्या जोडणीला हरवील. पण ‘माल पोचला का?’ एवढा एक प्रश्न विचारायलाही तिला अडीच तास लागतील. रात्री एकदा हिशेबाची नक्कल पुण्याला पाठवणाऱ्या संस्थेला जाडी हवी असते, आणि खिडकीशी उभ्या माणसाचे पैसे वळते करणाऱ्या पतसंस्थेला वेळ. दोघांनी एकच जोडणी घ्यावी असे कोठे आहे?

पाळीचे पाणी आणि स्वतःची पाईपलाईन

कुकडी प्रकल्पाच्या कालव्यावर शेती असणाऱ्याला पुढची गोष्ट सांगायला नको. कालव्याचा विसर्ग कितीही असो, वरच्या अंगाच्या सगळ्यांनी एकदम दारे उघडली की शेपटाच्या शेतकऱ्याला कमी मिळते.

घरोघरी दिली जाणारी फायबर जोडणी अशीच वाटून घेतलेली असते. तिच्या एका रूढ पद्धतीत, जिला जीपॉन म्हणतात, केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत स्प्लिटर नावाच्या एका डबीत फुटतो आणि ३२, ६४ किंवा त्याहून जास्त घरांना जातो. या डबीला वीज लागत नाही. ती प्रकाशाचे नुसते भाग करते. केंद्राकडून घरांकडे सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट येतात आणि घरांकडून केंद्राकडे त्याच्या निम्मे जातात. ३२ घरांनी एकाच वेळी पूर्ण मागणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ एमबीपीएसच्या आसपास येतील. सगळे एकदम मागत नाहीत या भरवशावर प्रत्येकाला शंभर किंवा दोनशेचे आश्वासन दिलेले असते. यात लबाडी नाही. एसटीच्या थांब्यावरही सगळा गाव एकाच गाडीला येणार नाही हे धरूनच गाड्या सोडतात. मात्र सायंकाळी आठ वाजता, शाळेची मुले, सिनेमा पाहणारे आणि दिवसाचा हिशेब चढवणारा आडतदार एकाच डबीवर आले की फरक कळतो.

दुसरा प्रकार लीज्ड लाइनचा. येथे ठरलेली क्षमता एका गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली असते, जाताना आणि येताना सारखीच. स्वतःच्या विहिरीवरून स्वतःच्या पाईपाने पाणी आणण्यासारखे आहे हे, आणि खर्चही तसाच, साध्या जोडणीच्या कितीतरी पट. बिघाड किती तासांत दुरुस्त होईल, न झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे त्याच्या करारात लिहिलेले असते. माझ्या मते पुष्कळ ठिकाणी पैसे द्यायचे ते या ओळींसाठी. वाढीव एमबीपीएस त्यानंतर.

जाताना आणि येताना, हा मुद्दा सहज निसटतो. घरची जोडणी बाहेरून आत आणण्यासाठी बनलेली असते, कारण घरात सिनेमे येतात. धंद्यात उलट होते. समजा, एका शीतगृहावर १६ कॅमेरे आहेत आणि त्यांची चित्रे मालक पुण्यात बसून साठवू पाहतो. एका कॅमेऱ्याचे दोन एमबीपीएस धरले तर ३२ एमबीपीएस अखंड बाहेर जात राहतील, रात्रंदिवस. एकच कॅमेरा दिवसाला २१.६ गिगाबाइट पाठवील. जाहिरातीतला आकडा बहुधा आत येण्याचा असतो. बाहेर जाण्याचा वेगळा विचारून घ्यावा.

खोडदचा हिशेब

जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी, साधारण एक चौरस किलोमीटरच्या आत. उरलेल्या सोळा तीन दिशांना गेलेल्या लांब भुजांवर. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत २५ किलोमीटरचे अंतर पडते. शेते, ओढे, रस्ते यांच्या पलीकडे उभ्या असलेल्या या तबकड्यांचे संकेत एका खोलीत आणून एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. तेव्हा कोठे त्या तिसांची मिळून एक दुर्बीण होते.

एका व्यवसायाच्या तीस शाखा एका मुख्य कचेरीला जोडायच्या, असाच हा प्रश्न आहे. फक्त येथे शाखा प्रचंड बोलक्या आहेत. दुर्बिणीचे आधुनिकीकरण २०१९ च्या सुमारास पुरे झाले. त्यानंतर प्रत्येक तबकडीतून ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंदीचा पट्टा घेता येतो. संकेत आकड्यांत मांडायचा तर पट्ट्याच्या रुंदीच्या दुप्पट वेळा मोजावा लागतो, म्हणजे सेकंदाला ८० कोटी वेळा. प्रत्येक मोजणीला ८ बिट धरले तर ६.४ गिगाबिट झाले. रेडिओलहरींच्या कंपनाच्या दोन दिशा वेगळ्या मोजतात, म्हणून तीस तबकड्यांचे साठ संकेत. सगळे मिळून सेकंदाला ३८४ गिगाबिट. आरंभीच्या ३२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला हाच हिशेब लावला तर सुमारे ३१ गिगाबिट येतात. भारतनेट योजनेत एका ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या मापाने खोडदची गरज ३,८४० ग्रामपंचायतींएवढी भरते.

प्रत्यक्षात तबकडीजवळ आकडे केले जात नाहीत. रेडिओसंकेताच्या चढउताराप्रमाणे लेसरच्या प्रकाशाची तीव्रता बदलतात, तो प्रकाश तंतूतून मध्यवर्ती इमारतीत आणतात आणि मोजणी तेथे होते. तबकडीकडे जाते ती थोडीशी माहिती, म्हणजे वळण्याच्या आज्ञा आणि सगळ्यांची घड्याळे एका तालात ठेवणारा संकेत. तबकडीकडून येतो तो लोंढा. शीतगृहाच्या कॅमेऱ्यांसारखीच ही बाहेर जास्त आणि आत कमी अशी जोडणी आहे.

काचच का? तांब्याच्या तारेत शेकडो मेगाहर्ट्‌झचे संकेत थोड्याच अंतरात क्षीण होतात. काचेच्या तंतूत १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल गमावतो. १४ किलोमीटर गेल्यावरही त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा शिल्लक असतो. १५५० नॅनोमीटरला तोटा याहून कमी, ०.२ डेसिबलच्या आसपास. शिवाय काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे पावसाळ्यात एका टोकाला पडलेल्या विजेचा धक्का तंतूवरून दुसऱ्या टोकाच्या यंत्रापर्यंत येत नाही. आणि तंतू स्वतः रेडिओलहरी बाहेर सोडत नाही. दुर्बिणीच्या दृष्टीने हा शेवटचा गुण लाखमोलाचा.

तंतूचा गाभा नऊ मायक्रॉन जाडीचा असतो, आपल्या केसाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. त्यातून प्रकाश बाहेर पडत नाही, कारण भोवतालच्या काचेचा अपवर्तनांक थोडा कमी ठेवलेला असतो आणि काठाशी तिरपा येणारा प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने आत राहतो. पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीला खाली एक छिद्र पाडून पलीकडच्या बाजूने लेसर पॉइंटर धरला तर अंधाऱ्या वर्गात प्रकाश पाण्याच्या धारेबरोबर वाकताना दिसतो. प्रयोग जुना आहे, पण मुलांना अजून आवडतो. मात्र खऱ्या तंतूच्या तोंडाला डोळा लावून पाहू नये. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही आणि इजा करू शकतो.

खोडदच्या हिशेबातला सर्वांत उपयोगी भाग यापुढे आहे. ३० तबकड्यांच्या ३० × २९ ÷ २ म्हणजे ४३५ जोड्या होतात. संगणक प्रत्येक जोडीचे संकेत गुणून त्यांची सरासरी घेतो. समजा, पट्ट्याचे २,०४८ भाग केले, दोन दिशा ठेवल्या, एकेका उत्तराला ८ बाइट दिले आणि दर दोन सेकंदांनी एकदा उत्तर लिहिले. आकडेमोड केली की सेकंदाला सुमारे ५७ मेगाबिट येतात. ३८४ गिगाबिटांचे ५७ मेगाबिट झाले, साडेसहा हजारांहून अधिक पटीने कमी! जागेवर काम केल्याने हे घडले. तीसही तबकड्यांचा कच्चा संकेत जसाच्या तसा पुण्याला नेण्याची गरजच उरत नाही.

शीतगृहाच्या मालकाने हेच करावे. कॅमेऱ्यांची चित्रे जागेवरच्या यंत्रात साठवावीत आणि मागेल तेव्हा एकाच कॅमेऱ्याचे चित्र पाहावे. ३२ ची गरज २ वर येते. जोडणी वाढवण्याआधी, काय पाठवायची गरज नाही, हे शोधणे सर्वांत स्वस्त पडते.

लवचीक म्हणजे काय?

पूर्वी धंद्यासाठी घेतलेली तांब्याच्या तारेवरची लीज्ड लाइन ६४ किलोबिटांच्या पायऱ्यांनी चढे. अशा ३२ पायऱ्यांची मिळून २.०४८ एमबीपीएसची लाइन होई. त्याहून जास्त हवे तर आणखी एक लाइन ओढायची, टोकाला आणखी एक यंत्र बसवायचे, आणि वाट पाहायची.

तंतूचे तसे नाही. नदीवरून पाईपलाईन टाकणारा शेतकरी आधी मोठा पाईप टाकतो, कारण चर खणण्याचा खर्च एकदाच करायचा असतो. मोटर मागाहून बदलता येते. तंतूची गोष्ट त्याहून पुढची आहे. पाईपची जाडी शेवटी ठरलेली असते, पण तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबींचे प्रकाश एकाच वेळी एकमेकांना न अडवता जाऊ शकतात. जीपॉनमध्ये घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि घराकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो. एकाच काचेतून दोन्ही दिशांची वाहतूक चालते. जीएमआरटीच्या आधुनिकीकरणात १५५० नॅनोमीटरच्या परिसरातल्या अगदी जवळजवळच्या तरंगलांबी वापरल्या गेल्या, आणि जुनी निरीक्षणे चालू ठेवूनच नवी यंत्रणा बसवली. पट्टा साडेबारा पट रुंद झाला तो टोकांची यंत्रे बदलून.

आज ‘लवचीक’ म्हणून विकली जाणारी जोडणी या गुणावर उभी असते. टोकाला एक गिगाबिटची खिडकी असलेले यंत्र बसवतात आणि गिऱ्हाईक पैसे भरते शंभर एमबीपीएसचे. उरलेला रस्ता एका आज्ञेने बंद ठेवलेला असतो. गरज वाढली की केंद्रात बसलेला माणूस ती मर्यादा उचलतो, चर खणावी लागत नाही. आपल्याकडच्या हंगामी धंद्यांना हे फार सोयीचे आहे. द्राक्षांची धावपळ जानेवारी ते एप्रिल, नारायणगावच्या टोमॅटो बाजाराची त्यानंतर उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. एकाला नोव्हेंबरात मोठी जोडणी नको असते, दुसऱ्याला जूनमध्ये हवी असते.

पण येथे एक गोम आहे. क्षमता वर चढवायला कोणीही तयार असतो. ती खाली उतरवता येईल का, किती दिवस आधी कळवावे लागेल, आणि उतरवल्यावर बिलही उतरेल का, हे करारात पाहावे. जी फक्त एकाच दिशेला वाकते तिला लवचीक म्हणू नये!

बिनतारी

चार-जी, पाच-जीची जोडणी लगेच मिळते, खणावे लागत नाही, आणि छोट्या दुकानाला पुष्कळदा तीच पुरते. तिच्या मर्यादा भौतिकीच्या आहेत. मनोऱ्याला दिलेला रेडिओपट्टा ठरावीक असतो आणि त्याखालचे सर्वजण तो वाटून घेतात. एका तंतूशेजारी दुसरा तंतू टाकता येतो, एका आकाशाशेजारी दुसरे आकाश टाकता येत नाही. पश्चिम भागात डोंगराच्या सोंडा लहरी अडवतात. या डोंगरांचा उपद्रव असा, तसा उपयोगही आहे. खोडदची जागा निवडताना बाहेरचा रेडिओगोंगाट अडवणारे भोवतालचे डोंगर आणि शहरांपासूनचे अंतर या गोष्टी जमेस धरल्या होत्या.

जुन्नरला या निवडीची आणखी एक बाजू आहे, जी बारामतीला किंवा इंदापूरला नाही. आधुनिक जीएमआरटीचे दोन पट्टे ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्‌झचे आहेत. मधल्या जागेत ९०० मेगाहर्ट्‌झची मोबाइल सेवा येते. पण ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा, जो पाच-जीसाठी २०२२ च्या लिलावात गेला, तो पहिल्या पट्ट्याच्या आतच पडतो. आकाशगंगेपलीकडून आलेल्या क्षीण लहरींपुढे जवळच्या मनोऱ्याची लहर म्हणजे कीर्तनात कर्णा. मोबाइल बंद करा असे कोणी म्हणत नाही. त्या सेवेवर आता जीव वाचतात. परंतु जो व्यवहार एका जागी बसून करायचा आहे, त्याच्यासाठी दारातून जाणारा तंतू सोडून हवेचा पट्टा खर्च करणे दोन्ही अंगांनी तोट्याचे आहे.

तुटली तर?

विक्रेता सांगतो, ‘नव्व्याण्णव टक्के वेळ चालू राहील.’ शंभरात एक म्हणजे काहीच नाही असे वाटते. वर्षाचे तास ८,७६०, त्यांचा एक टक्का ८७.६ तास, म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त. ते साडेतीन दिवस द्राक्षांच्या ऐन हंगामात आले तर? ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास.

प्रत्येकी ९९ टक्के भरवशाच्या दोन जोडण्या घेतल्या तर दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता ०.०१ × ०.०१ म्हणजे दहा हजारांत एक. वर्षातली ५३ मिनिटे. एक महागडी जोडणी घेण्याऐवजी दोन साध्या घेणे म्हणूनच पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. संभाव्यतेचा हा गुणाकार मुलांना नाण्यांवर शिकवतो तोच आहे, आणि त्याची अटही तीच : दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. रस्ता रुंद करायला आलेला जेसीबी एका फटक्यात चरातल्या सगळ्या केबली तोडतो. दोन कंपन्यांची दोन बिले येत असतील, पण दोन्ही केबली पुणे-नाशिक रस्त्याच्या एकाच कडेने येत असतील, तर गुणाकार करता येत नाही. एक फायबर आणि एक मोबाइल ठेवलात तरी विचारून घ्या, कारण तो मनोराही पुष्कळदा त्याच फायबरवर पोसलेला असतो. वीज गेल्यावर गावातल्या वाटपाच्या केंद्रात बॅटरी किती तास टिकते, हेही विचारण्याजोगे आहे. आणि उसाच्या फडाकडेने गेलेली केबल रात्री तुटली तर ती जोडायला जाणारा माणूस आमच्या भागात बिबट्याचाही विचार करून सकाळ होऊ देतो. हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते.

आंबेगावच्या पश्चिमेला डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला ही गोष्ट धंद्यापुरती राहत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव दिसेनासे झाल्याची खबर बाहेर पोचवली ती त्या मार्गावरच्या एसटीच्या चालकाने, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. तेथे शंभर एमबीपीएसची गरज नव्हती. ‘डोंगर आला’ हे शब्द काही शे बिटांत मावतात. रस्ता, वीज आणि तार एकाच दरीतून जात असतील तर कडा कोसळल्यावर तिन्ही एकदम जातात. अशा गावांसाठी जोडणीची योजना करताना जाडीच्या आधी दुसरी वाट आखली पाहिजे, मग ती डोंगरमाथ्यावरून जाणारी बिनतारी असो की उपग्रहाची, अर्ध्या सेकंदाच्या उशिरासह.

वर्गासाठी एक काम सुचवतो. आठवी-नववीच्या मुलांचे गट करून शाळेत येणारी केबल मागे मागे चालत पाहावी : कोणत्या खांबावरून आली, कोणत्या डबीत शिरली, रस्ता कोठे ओलांडला, जवळच्या बाजारगावापर्यंत कोणत्या कडेने गेली. मोबाइलचा मनोरा आणि त्याकडे जाणारी केबलही नकाशावर घ्यावी. दोन वाटा कोठे एकत्र येतात त्या ठिकाणी लाल खूण करावी. बाजारातल्या एखाद्या आडतदाराला विचारून त्याच्याकडून रोज किती बाइट बाहेर जातात आणि किती आत येतात, त्यांतले किती तासभर थांबले तरी चालण्यासारखे आहेत, याचा तक्ता करावा. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि ते पाहायला शाळांची गर्दी होते. जाताना हा नकाशा बरोबर न्यावा, आणि तबकडीखाली उभे राहून तेथून निघणाऱ्या तंतूची वाट विचारावी.